मामू, आपण कोणाच्या बाजूचे? : जंजिऱ्याचा एक दिवस

दिघीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. पहाटे पुणं सोडून ताम्हिणी उतरलो, माणगावात चहा घेतला, म्हसळ्यावरून दिघी. इथं फेरीबोटीत गाडी चढवायची आणि राजपुरीची खाडी ओलांडून पलीकडे आगरदांड्याला उतरायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. सोबत भाचा होता. यंदा नववीत गेलाय. नगरच्या आमच्या घरात समुद्र पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यामुळे साहेबजादे बोटीच्या कठड्याला धरून उभे राहिले ते पलीकडे पोचेपर्यंत हलले नाहीत.

नगरच्या माणसानं जंजिरा पाहायला जाणं म्हणजे तसं घरच्याच एका जुन्या खोलीत डोकावणं आहे. आमच्या अहमदनगरच्या निजामशाहीला समुद्र दिसायचा तो चौल आणि दंडा-राजपुरीच्या बाजूनं. घोडे, खजूर, कापड, हाजी आणि गुलाम, सगळं याच किनाऱ्यानं वर घाटावर चढत असे. शहरात हबशी सरदार होते. मलिक अंबर तर होताच. पण लहानपणी आम्हाला कोणी जंजिऱ्याचं नाव नगरशी जोडून सांगितलं नव्हतं. जंजिरा म्हणजे महाराजांना न मिळालेला किल्ला, एवढंच चौथीच्या पुस्तकातून डोक्यात राहिलेलं. भाच्याच्याही डोक्यात तेवढंच होतं.

आगरदांड्याहून राजपुरीकडे जाताना वाटेत खोकरी लागतं. बहुतेक गाड्या इथं थांबत नाहीत, कारण किल्ल्याची होडी गाठायची घाई असते. रस्त्यालगत झाडीत तीन दगडी मकबरे आहेत. मोठा सिरुलखानाचा, शेजारचे दोन लहान, खैरियतखान आणि सिद्दी कासम ऊर्फ याकूतखान यांचे. बांधकाम दख्खनी धाटणीचं, कोरीव कमानी, जाळ्या, वर घुमट. बिदर-विजापूरकडे असे मकबरे डझनानं दिसतात, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीत असं काही दिसलं की माणूस थबकतो. आम्ही फातेहा पढलो. तेवढ्यात भाच्यानं विचारलं, ‘‘हे लोक आफ्रिकेचे ना? मग इथं कसे?’’

आपण जंजिऱ्याची गोष्ट तोफा आणि तटबंदीपासून सुरू करतो, पण खरी सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा मुलूख. तिथली लहान मुलं पकडून, विकून लाल समुद्राच्या बंदरांत आणली जात. तिथून अरबस्तान, इराण, आणि मग गुजरात, कोकण, दख्खन. मलिक अंबरचंच पाहा. १५४८ च्या सुमाराचा जन्म, मूळ नाव चापू असं सांगतात. आईबापांपासून तुटून तो मोख्याला विकला गेला, बगदादला विकला गेला आणि शेवटी नगरच्या दरबारातल्या चंगेजखानाच्या पदरी आला. हा चंगेजखान स्वतःही हबशीच. दख्खनमध्ये अशा गुलामाला शस्त्र चालवायला, हिशेब ठेवायला, फौज सांभाळायला शिकवत आणि मालक मेल्यावर तो बहुधा मोकळा होई. अशा माणसानं पुढे निजामशाही हातात घेतली, जहांगीरला जेरीस आणलं, खडकी वसवली. त्याच हबशी माणसांपैकी काही समुद्राकडे नेमले गेले. ‘सिद्दी’ हा शब्द ‘सय्यदी’ म्हणजे ‘माझे स्वामी’ यावरून आला असं मानतात. ज्यांना बाजारात बोली लावून विकलं त्यांनाच लोक पुढे स्वामी म्हणू लागले.

हे भाच्याला सांगताना मी जरा रंगात आलो होतो, हे कबूल करतो. माणसाला आपल्यातला कोणी खालून वर गेलेला सांगायला आवडतं. पण सगळे हबशी मलिक अंबर झाले नाहीत. आज भारतात सिद्दी म्हणून जी माणसं आहेत त्यांतले बहुतेक गुजरातेत किंवा उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात राहतात. मजुरी करतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या वाट्याला ना किल्ला आला, ना मकबरा.

राजपुरीच्या जेट्टीवर गर्दी होती. इथून शिडाच्या होड्या किल्ल्याकडे जातात. खलाशी कोळी आहेत, राजपुरीचे मुसलमानही आहेत. एकमेकांना हाका मारताना त्यांची जी कोकणी-मराठी चालते तिच्यातून कोण कोणता हे मला तरी ओळखता आलं नाही. किनाऱ्यावर दालदी म्हणून मुसलमान मच्छीमारांची जमात आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोळ्यांच्या शेजारी राहून तेच समुद्रात जाळी टाकतात, तेच वारे ओळखतात. मराठी वाचकाला कोळी ठाऊक असतो, दालदी क्वचितच.

होडीत वीसेक माणसं. गाइड पंचविशीचा, राजपुरीचाच. शीड चढलं तसं त्यानं पाठ केलेल्या लयीत सुरू केलं. जंजिरा हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेट. दरवाजा किनाऱ्यावरून दिसत नाही, होडी अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. साडेतीनशे वर्षांत कोणाला जिंकता आला नाही. सगळ्यांनी माना वर करून तट पाहिला. मागे बसलेल्या एका गृहस्थांनी गाइडला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. गृहस्थ शेजारच्याकडे वळून म्हणाले, ‘‘तरीच एवढं कौतुक चाललंय.’’ दोघं हसले. गाइडनं ऐकलं नसल्यासारखं केलं आणि पुढची तोफ मोजायला घेतली.

भाच्यानं ऐकलं होतं. तो काही वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘मामू, आपण कोणाच्या बाजूचे?’’

मी उत्तर दिलं नाही. होडी दरवाजाला लागली होती आणि लाटेवर हेलकावे खाणाऱ्या होडीतून पायरीवर उडी मारायची म्हणजे दुसरं काही सुचत नाही. पण ‘‘असं विचारायचं नसतं’’ म्हणून त्याला गप्प केलं नाही, एवढं बरं केलं असं आता वाटतं. हा प्रश्न मलाही त्याच्याच वयात पडला होता. शाळेत अफजलखानाचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून कोणीतरी वळून पाहायचं. मी मान खाली घालून पुस्तकात बघत बसायचो.

किल्ल्यात पाऊणएक तास मिळतो. दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला वाघ कोरलाय. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. सिरुलखानाच्या वाड्याच्या मजल्यांचे सांगाडे. तटावर कलालबांगडी तोफ, मुलं तिच्यावर चढून फोटो काढतात. हे सगळं गाइडबुकात आहे, त्यात मी जास्त भर घालत नाही.

तलावाच्या काठावर बसून आम्ही बाजू मोजायला घेतल्या.

या खडकावरचा पहिला कोट कोणी बांधला? कोळ्यांनी. पंधराव्या शतकात राजपुरीच्या कोळ्यांना समुद्रातल्या लुटारूंचा उपद्रव होता, म्हणून त्यांच्या राम पाटलानं बेटावर लाकडी मेढेकोट उभारला. पुढे हा राम पाटील निजामशाही ठाणेदाराला जुमानेना. मग पीरमखान नावाचा सरदार व्यापाऱ्याच्या वेषात गलबतं घेऊन आला, कोळ्यांना दारू पाजली आणि पिंपांत लपवलेली माणसं बाहेर काढून रात्रीत कोट घेतला. गोष्ट परंपरेनं आलेली आहे, तिच्यातली पिंपं खरी किती हा प्रश्न सोडून देऊ. पण ‘अजिंक्य’ जंजिरा मुळात कोळ्यांकडून दग्यानं घेतलेला आहे, आणि तो घेणारी सत्ता आमच्या नगरची. तिचा संस्थापक मलिक अहमद, ज्याचा बाप पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरात जन्मला होता. बाजू मोजायला बसलं की पहिल्याच बोटाला अशी गाठ बसते. दगडी तट त्यानंतर, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उठला.

निजामशाही १६३६ मध्ये बुडाली, तेव्हा सिद्दी आदिलशाहीकडे गेले. शिवाजी महाराजांनी १६५७ पासून दंडा-राजपुरीवर नजर ठेवली होती. कोकणच्या किनाऱ्यावर राज्य करायचं तर हा काटा काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सिद्दीची गलबतं खाड्यांत शिरून गावं लुटत, माणसं धरून नेत. हे आपण लपवायचं काहीच कारण नाही. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आले त्यांनी दुसऱ्यांना गुलाम केलं.

१६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा मुख्य फत्तेखान महाराजांशी तह करायला तयार झाला होता. तेव्हा संबळ, कासम आणि खैरियत या तीन हबशी सरदारांनी त्यालाच कैद केलं आणि औरंगजेबाकडे निरोप धाडला. त्यांतले कासम आणि खैरियत म्हणजे सकाळी खोकरीला ज्यांची फातेहा पढलो तेच दोघे. औरंगजेबाला सुरतेहून मक्केला जाणारी जहाजं सांभाळायला आरमार हवं होतं आणि सिद्दीला पाठीशी सल्तनत. सौदा जमला. १६७१ मध्ये होळीच्या रात्री मराठे सणात असताना कासम आणि खैरियतनं किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी परत घेतली. त्यात दारूचं कोठार उडालं.

भाचा म्हणाला, ‘‘म्हणजे मुसलमान एकीकडे आणि मराठे एकीकडे, असंच झालं ना?’’

मी त्याला पन्हाळ्याची आठवण दिली. १६६० च्या वेढ्यात पन्हाळा आवळून बसलेला सिद्दी जौहर त्याला माहीत होता, पोराठोरांनाही माहीत असतो. पण त्याच वेढ्यावर बाहेरून चालून गेलेल्या नेताजी पालकरांसोबत सिद्दी हिलाल होता, त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा तोडायला धावलेलाही सिद्दी. पुढे संबळच्याच घराण्यातला सिद्दी मिस्री मराठ्यांच्या आरमारात आला आणि संभाजी महाराजांच्या बाजूनं कासमशी लढताना पडला.

आणि इंग्रज? १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेट बांधायला घेतलं तेव्हा बेटावर मायनाक भंडारी होता, त्याच्या मदतीला दौलतखानाचं आरमार, आणि समोर इंग्रज व सिद्दी कासम हातात हात घालून. दहा वर्षांनी, १६८९ मध्ये, हाच कासम मुंबईवर उतरला आणि त्यानं इंग्रजांना त्यांच्याच किल्ल्यात वर्षभर कोंडून ठेवलं. बाजू म्हणजे भिंत असते तर एवढ्या लवकर हलली नसती.

हेही सांगतो की प्रत्येक वेळी अशी उदाहरणं काढून ‘बघा, धर्माचा काही संबंध नव्हता’ म्हणणारे जे आमच्यातले विद्वान आहेत, त्यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. संबंध होता. १७२७ मध्ये सिद्दी सातनं चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ लुटलं, त्याची जखम ब्रह्मेंद्र स्वामींच्या पत्रव्यवहारात आणि पेशव्यांच्या जंजिरा मोहिमेत उतरली. त्याच ब्रह्मेंद्र स्वामींना जंजिऱ्याच्याच याकूतखानानं गावं इनाम दिली होती. देणारं घराणं आणि लुटणारं घराणं एकच. १७३३ मध्ये थोरले बाजीराव स्वतः जंजिऱ्यावर उतरले आणि त्यातून निघालेला तोडगा काय, तर सिद्दींच्या गादीच्या भांडणात एका सिद्दीला, अब्दुल रहमानला, पाठिंबा. सातचा शेवट १७३६ मध्ये चिमाजी आप्पांच्या हातून झाला. यातलं सोयीचं तेवढं उचलून कोणालाही आपली बाजू उभी करता येते. व्हॉट्सअॅपवर रोज केली जाते.

परतीच्या होडीत गाइड माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला मघाच्या त्या शेऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘‘सर, रोजचंच आहे. महाराजांचं सांगितलं की टाळ्या पडतात, सिद्दीचं सांगितलं की नाव विचारतात. दोन्ही नाही सांगितलं तर पैसे कशाचे घेऊ?’’ मग भाच्याकडे बघून म्हणाला, ‘‘तू लाय पाटलाचं ऐकलंस का?’’

त्यानं सांगितलेली गोष्ट बखरींतून चालत आलेली आहे. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली. तटाला शिड्या लावायची जोखीम लाय पाटील नावाच्या कोळ्यानं उचलली. रात्री आपली माणसं घेऊन तो या तटाखाली आला, वरच्या पहारेकऱ्यांना चाहूल न लागू देता शिड्या लावल्या आणि मोरोपंतांच्या धारकऱ्यांची वाट पाहत बसला. ते आलेच नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा शिड्या काढून परत फिरला. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. लाय पाटील म्हणाला, मी दर्यावर्दी माणूस, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी त्याला एक गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ‘पालखी’ ठेवलं.

हे सांगताना गाइडचा आवाज किल्ल्यातल्यासारखा नव्हता. शिड्या कुठल्या बाजूला लागल्या असतील, भरती कधीची असेल, अंधारात त्या खडकाला होडी कशी लावली असेल, हे तो शिडाच्या दोरीवर हात ठेवलेल्या कोळी खलाशाशी बोलू लागला. खलाशाचं मत वेगळं पडलं. जेट्टी येईपर्यंत दोघांचा वाद चालला.

दुपारी मुरूडला जेवलो. सुरमई चांगली होती, सोलकढी पाणचट. मुरूड ही नवाबांची पुढच्या काळातली राजधानी. गावाबाहेर टेकडीवर त्यांचा राजवाडा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, बाहेरूनच पाहायचा. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. याच राजवाड्याशी निगडित नाझली बेगम आणि त्यांची बहीण अतिया फैजी, दोघी लिहित्या बायका, नाझलींनी युरोपच्या प्रवासाचं उर्दूत पुस्तक लिहिलं. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आम्हाला पद्मदुर्ग पाहायचा होता. हा दुसरा किल्ला मुरूडसमोर, जंजिऱ्याच्या वायव्येला, कासा नावाच्या खडकावर. महाराजांनी जंजिऱ्याच्या नाकासमोर बांधला. तिथं जंजिऱ्यासारखी नेहमीची होडी नसते, एकदऱ्याच्या कोळ्यांना विचारावं लागतं. एकदऱ्याला गेलो तर वलांड्यांवर बोंबील वाळत होते, बायका जवळा पसरत होत्या. एका वयस्कर कोळ्यानं समुद्राकडे बघितलं आणि मान हलवली. ‘‘वारा फिरलाय. तिकडं होडी लागायची नाय आता. उद्या सकाळी या.’’ उद्या शाळा होती. तेव्हा किनाऱ्यावरूनच पाहिला. पूर्वी एकदा मी तिथं गेलोय. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानं खाऊन आत गेलेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच पुढे आलेला आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. पडकोटाच्या बुरुजाला वर कमळाच्या पाकळ्या.

त्या किल्ल्याचं एक पत्र आहे, ते मी भाच्याला मुद्दाम इथं उभं राहून सांगितलं. जानेवारी १६७५ चं, महाराजांचं, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला. पद्मदुर्गाचं काम सिद्दीच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आरमार त्याच्या रक्षणाला समुद्रात उभं होतं आणि त्या आरमाराला धान्य आणि पैसा पोचत नव्हता. मोरोपंतांनी दिलेल्या वराता सुभेदारानं अडवून ठेवल्या होत्या. महाराज भडकलेले आहेत. तुम्हाला हबशांनी काही दिलं की काय, अशा अर्थाचं विचारतात. अशा नोकराला धडा शिकवलाच पाहिजे, ब्राह्मण आहे म्हणून कोण गय करणार, असं स्पष्ट बजावतात. आणि ज्यांची रसद अडली म्हणून एवढा संताप, त्यांची नावं पत्रात आहेत. दौलतखान आणि दर्यासारंग.

भाचा म्हणाला, ‘‘दौलतखान म्हणजे आपला?’’

‘‘महाराजांचा,’’ मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. माझ्या फोनवर त्यानं पद्मदुर्ग मोठा करून पाहिला, मग जंजिऱ्याकडे फिरवला. दोन्ही एका चौकटीत येईनात. आम्हाला बघून तो वयस्कर कोळी जवळ आला. कुठून आलात, विचारलं. नगर म्हटल्यावर म्हणाला, तिकडं दुष्काळ असतो ना? भाच्यानं त्याला विचारलं, रात्री अंधारात जंजिऱ्याच्या तटाला होडी लावता येईल का? म्हाताऱ्यानं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘अमावास्येची भरती पाहिजे,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तोंड कुणी उघडायचं नाय.’’ मग खाली बसून त्यानं वाळूत बोटानं किल्ल्याचा लंबगोल काढला आणि कुठं खडक पाण्याखाली येतो, कुठं ओढ लागते ते दाखवू लागला. भाचा त्याच्यासमोर उकिडवा बसला.

शेवटची फेरीबोट चुकेल म्हणून मला त्याला दोनदा हाक मारावी लागली.